'गव्हर्नर'चे स्त्रीलिंग आणि दोन प्रकारच्या राण्या

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझी नात येथील एका शाळेत मराठी माध्यमातून सहावीत शिकते. गेल्या महिन्यात तिच्या इंग्रजीच्या घटक चाचणीत, दिलेल्या नामांची स्त्रीलिंगी रूपे लिहा, असा दहा गुणांचा प्रश्न आला होता. नऊ रूपे तिने पाठ केल्याप्रमाणे लिहिली आणि 'गव्हर्नर' या शब्दापुढे मात्र पुन्हा 'गव्हर्नर' असेच लिहिले. त्यावर लाल फुली पडली आणि शेजारी 'गव्हर्नेस' हे उत्तर लिहून मिळाले. घरी आल्यावर तिने मला विचारले, "आजी, बाई गव्हर्नर झाली तर तिला गव्हर्नेस म्हणतात का?" मी नाही म्हटले. "मग माझं चुकलं कुठं?" असे म्हणून तिने आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पानाचे एक कात्रण माझ्यापुढे ठेवले. त्यात इंग्रजी पुल्लिंगी-स्त्रीलिंगी नामांच्या जोड्यांचा तक्ता छापलेला आहे आणि त्या तक्त्यातही गव्हर्नर आणि गव्हर्नेस शेजारी शेजारी आहेत.

त्या वर्गशिक्षकांना मी दोष देत नाही. आधी खानापूर तालुक्यात आणि नंतर बेळगाव शहरात एकतीस वर्षे मी मराठी शाळांतून इंग्रजी शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे हाच तक्ता मीही फळ्यावर लिहून मुलांकडून म्हणवून घेतला आहे. तो तक्ता चुकीचा का आहे, हे मला फार उशिरा उमगले. ते आपल्या वाचकांपुढे, विशेषतः शिकवणाऱ्यांपुढे, मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची मला जाणीव आहे.

गव्हर्नेस म्हणजे श्रीमंत घरात राहून त्या घरच्या मुलांना शिकवणारी, त्यांना वळण लावणारी पगारी शिक्षिका. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये शिकलेल्या पण परिस्थितीने गांजलेल्या मध्यमवर्गीय मुलींना उपजीविकेचे जे थोडे मार्ग मोकळे होते, त्यांत हा एक होता. राज्यपालपदाशी तिचा काही संबंध नाही. १९४७ साली सरोजिनी नायडू संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झाल्या, १९६२ साली विजयालक्ष्मी पंडित महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या आणि १९९९ ते २००२ या काळात व्ही. एस. रमादेवी आपल्या कर्नाटकाच्या राज्यपाल होत्या. या तिघींपैकी कोणालाही इंग्रजीत कोणी कधी गव्हर्नेस म्हटले नाही, त्या गव्हर्नरच होत्या. म्हणजे ज्या राज्यात ही मुलगी राहते, त्या राज्याचे राज्यपालपद एका स्त्रीने भूषवलेले असताना तिचे बरोबर उत्तर चूक ठरले आणि जे रूप त्या अर्थाने कोणी वापरत नाही ते बरोबर ठरले.

एक शब्द चुकला एवढीच गोष्ट असती तर मी पत्र लिहिले नसते. त्या तक्त्याची घडणच अशी आहे की, डावीकडे पुरुष आणि उजवीकडे त्याच पदावरची स्त्री असे मुलांना वाटावे. वास्तविक उजवीकडच्या रकान्यात दोन वेगळ्या जातींचे शब्द एकत्र आले आहेत. काही शब्द ते पद स्वतः धारण करणाऱ्या स्त्रीचे आहेत आणि काही त्या पदावरच्या पुरुषाच्या पत्नीचे. पुष्कळदा तर एकच शब्द दोन्ही कामे करतो, आणि गोंधळ होतो तो तिथेच.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. लग्न होऊन मी खानापूर तालुक्यातील एका गावी आले तेव्हा माझे पती तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सारे गाव मला 'मास्तरीणबाई' म्हणू लागले. त्या वेळी मी कोणालाही काही शिकवत नव्हते. पुढे चार वर्षांनी मी बी. एड. होऊन शेजारच्या गावच्या हायस्कुलात लागले आणि गावाने मला 'मास्तरीणबाई' म्हणणे चालूच ठेवले. शब्द तोच राहिला, पण आधी तो नवऱ्याच्या नोकरीवरून मला मिळालेला होता आणि नंतर माझ्या स्वतःच्या नोकरीचा होता. या दोन्हींत माझ्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि तो फरक त्या शब्दात कुठेच दिसत नव्हता.

आमच्याकडे असे शब्द पुष्कळ आहेत. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, इनामदारीण म्हणजे इनामदाराची, आणि कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांत गौडांच्या पत्नीला गौडसानी म्हणतात. मालकीण मात्र मालकाची बायकोही असते आणि स्वतःच्या नावावर सात-बारा असलेली स्त्रीही असते.

जुन्या संस्कृत वैयाकरणांना हा फरक पक्का ठाऊक होता, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'पुंयोगादाख्यायाम्' असे एक सूत्र आहे. पुरुषाशी असलेल्या संबंधामुळे स्त्रीला जे नाव लागते, त्याचे रूप कसे करावे, हे त्यात सांगितले आहे. अमरकोशात त्याहून स्पष्ट आहे. जी स्वतः विद्या शिकवते ती आचार्या आणि जी आचार्यांची पत्नी म्हणून ओळखली जाते ती आचार्यानी. पहिल्या अर्थासाठी कोशकाराने 'स्वतः' हा शब्द वापरला आहे आणि दुसऱ्यासाठी 'पुंयोगे' हा. उपाध्याया आणि उपाध्यायानी यांतही हाच भेद आहे. स्वतः आणि पुंयोगाने, या दोन शब्दांपेक्षा नेमकी परिभाषा मला आजवर सापडलेली नाही, म्हणून या पत्रात पुढेही मी तेच शब्द वापरते.

आता इंग्रजी राजपदांकडे वळते. क्वीन हा शब्द किंगपासून बनलेला नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ स्त्री, पत्नी आणि विशेषकरून राजाची पत्नी असा होता, आणि वेदातील 'जनि' या स्त्रीवाचक शब्दाशी त्याचे दूरचे नाते आहे. आपला 'राणी' हा शब्द 'राज्ञी'वरून आला, म्हणजे तो राजाच्याच धातूचा आहे. तरीही दोन्ही भाषांत पेच एकच झाला. राजाची बायको राणी आणि स्वतः राज्य करणारी स्त्रीही राणीच. इंग्रजांना राज्यघटनेच्या आणि दरबारी शिष्टाचाराच्या कामासाठी हा भेद करणे भाग पडले, म्हणून स्वतः राज्य करणारीला ते क्वीन रेग्नंट म्हणतात आणि राजाच्या पत्नीला क्वीन कॉन्सॉर्ट.

उलट बाजूने मात्र हे चालत नाही. किंगची पत्नी क्वीन होते, पण क्वीनचा पती किंग होत नाही. किंग हे पद क्वीनपेक्षा वरचे समजले जात असल्याने, राज्य करणाऱ्या स्त्रीच्या पतीला ते दिले तर तो तिच्याहून मोठा ठरेल, अशी त्यामागची धारणा होती. व्हिक्टोरिया राणीचा १८४० साली अल्बर्टशी विवाह झाला आणि त्याला प्रिन्स कॉन्सॉर्ट हा किताब मिळायला १८५७ साल उजाडले. ॲन राणीचा पती डेन्मार्कचा जॉर्ज शेवटपर्यंत प्रिन्सच राहिला. दुसऱ्या एलिझाबेथ राणीचे पती फिलिप हे ड्यूक ऑफ एडिंबरा होते. डेन्मार्कच्या मार्गारेट राणीचे पती हेन्रिक यांनी तर आपल्याला राजा हा किताब मिळत नाही याबद्दल जाहीरपणे नाराजी व्यक्त केली होती. अपवाद सोळाव्या शतकातला आहे. पहिल्या मेरी राणीशी १५५४ साली विवाह केलेल्या स्पेनच्या फिलिपला विवाह टिकेपर्यंत इंग्लंडचा किंग म्हटले जाई. किंग-क्वीन ही जोडी तक्त्यात समोरासमोर लिहिली की हा सारा तोल नाहीसा होतो आणि दोन्ही बाजू सारख्याच आहेत असे मुलांना वाटते.

माझ्या सासूबाईंच्या पेटीत दोन राणीछाप रुपये होते, ते अजून माझ्याजवळ आहेत. एक १८६२चा आहे, त्यावर 'व्हिक्टोरिया क्वीन' असे कोरलेले आहे. दुसरा १८८५चा, त्यावर 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' आहे. मधल्या काळात, म्हणजे १८७६ साली, ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात तिने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतल्याचे जाहीर झाले. हिंदुस्थानात त्याच किताबाचे रूप 'कैसर-ए-हिंद' असे ठरवण्यात आले, आणि ते पुढे तिच्या मुलाला व नातवालाही तसेच लागू पडले. इंग्रजीत मात्र एम्प्रेसचे एम्परर करावे लागले. वर्गात मी हे दोन रुपये मुलांच्या हातात देत असे आणि विचारत असे, ही राणी कोणाची बायको म्हणून राणी आहे का? एवढ्याने मुलांच्या लक्षात येई.

दुसऱ्या एलिझाबेथ राणीचे ८ सप्टेंबर २०२२ रोजी निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांच्या दृष्टीने हा प्रश्न पुन्हा समोर आला. इंग्लंडमधील ज्येष्ठ वकिलांना त्या दिवसापर्यंत क्वीन्स काउन्सेल म्हणत, ते तत्काळ किंग्ज काउन्सेल झाले. कारण ती राणी स्वतः राज्यपदावर होती आणि पदाच्या नावाने चालणारी सर्व कामे तिच्या नावाने चालत होती. ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला आणि त्यांच्या पत्नी कॅमिला क्वीन म्हणवल्या जाऊ लागल्या. त्या पुंयोगाने क्वीन आहेत. मराठी वृत्तपत्रांतून मी दोघींसाठीही 'महाराणी' हाच शब्द वाचला. अशा ठिकाणी एलिझाबेथ यांना राणी आणि कॅमिला यांना राजपत्नी म्हटले तर वाचकाला एका शब्दात सर्व कळेल. राजपत्नी हा शब्द आपल्याकडे तयार आहे, तो घडवावा लागणार नाही.

ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन या पाच उमरावी पदव्यांची स्त्रीलिंगी रूपे परीक्षेत हमखास विचारली जातात. डचेस, मार्शनेस, व्हायकाउंटेस, बॅरोनेस ही त्या त्या शब्दांवरून झालेली रूपे आहेत आणि अर्लचे स्त्रीलिंग मात्र काउंटेस. मुले इथे हटकून अडखळतात. याचे कारण सांगितले तर ती अडखळत नाहीत. अर्ल हा इंग्लंडचा जुना शब्द, त्याला स्त्रीलिंगी रूपच नव्हते. १०६६ साली नॉर्मन आले आणि त्यांच्याबरोबर काउंट-काउंटेस हे शब्द आले. इंग्रजांनी पुरुषाची पदवी आपली जुनीच ठेवली आणि त्याच्या पत्नीसाठी परकी उचलली. या पदव्यांचे स्त्रीलिंगी रूप बहुतेक वेळा पत्नीला लागते, पण नेहमी नाही. मार्गारेट थॅचर यांचे उदाहरण इथे फार उपयोगी पडते. १९९० साली त्यांनी पंतप्रधानपद सोडल्यावर त्यांच्या पतींना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली, त्यामुळे पत्नी या नात्याने त्यांना लेडी थॅचर म्हणवून घेण्याचा अधिकार आला. १९९२ साली त्यांना स्वतःच्या कर्तृत्वावर उमरावपद मिळाले आणि त्या बॅरोनेस थॅचर झाल्या. बॅरोनेसच्या पतीला त्यामुळे काहीच मिळत नाही. आपल्याकडच्या लेडी हार्डिंग, लेडी अर्विन ही संस्थांना लागलेली नावेही अशी पुंयोगाचीच आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पद मोठे आणि धारण करणारी स्त्री असेल तर पुल्लिंगी शब्दच कायम ठेवण्याची रीत जुनी आहे. एलिझाबेथ राणीला लँकेस्टर परगण्यात ड्यूक ऑफ लँकेस्टर म्हणून मान दिला जाई, डचेस म्हणून नव्हे. पोलंडमध्ये १३८४ साली यादविगा नावाच्या मुलीचा राज्याभिषेक झाला तो लॅटिन भाषेतील 'रेक्स', म्हणजे राजा, याच शब्दाने. दिल्लीच्या तख्तावर १२३६ ते १२४० या काळात बसलेल्या रझियाच्या नाण्यांवर 'सुलतान' असे आहे. या तिघींनाही स्त्रीलिंगी रूप उपलब्ध होते. ते न वापरण्याचे कारण उघड आहे, ते रूप वापरले की लोक आधी विचारणार, कोणाची बायको?

आमच्या बेळगाव जिल्ह्यात तर राणी हा शब्द रोजच्या तोंडातला आहे. राणी चन्नम्मा चौक, राणी चन्नम्मा विद्यापीठ, राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, टिळकवाडीतील राणी पार्वतीदेवी महाविद्यालय. कित्तूरच्या चन्नम्मांच्या आयुष्यात या एका शब्दाचे दोन्ही अर्थ एकामागून एक आले, हे मुलांना सांगावे. मल्लसर्ज देसाई यांच्या पत्नी म्हणून त्या राणी झाल्या. १८१६ साली पती गेले, १८२४ साली गादीवर असलेला मुलगा गेला, दत्तक घेतलेल्या वारसाला कंपनी सरकारने मान्यता दिली नाही आणि संस्थान ताब्यात घेण्याची हालचाल सुरू केली. तेव्हा कारभार आणि लढाई दोन्ही हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे झालेल्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला, त्यांना बैलहोंगलला कैदेत ठेवले आणि १८२९ साली तिथेच त्यांचा अंत झाला. आज चौकातला तो अश्वारूढ पुतळा पाहून जी राणी मनात उभी राहते ती स्वतः राणी आहे. कोल्हापूरच्या ताराबाईंच्या बाबतीत भाषेने एवढीही सोय केली नाही. १७०० साली राजाराम महाराजांच्या निधनानंतर सात वर्षे त्यांनी औरंगजेबाच्या फौजांशी झुंज दिली, पण छत्रपती या पदाला स्त्रीलिंग नसल्याने आणि ते पद स्त्रीला मिळण्याची रीत नसल्याने सारा कारभार मुलाच्या नावाने चालला.

राजपदांव्यतिरिक्त इतर कामांच्या नावांबाबत इंग्रजी आता निराळ्या वाटेने गेली आहे. जुन्या इंग्रजीत स्त्री कामकऱ्यांसाठी शेवटी '-स्टर' लावण्याची पद्धत होती. कातणारी ती स्पिन्स्टर, विणणारी ती वेब्स्टर. पुढे त्यातला स्त्रीलिंगी अर्थ पुसला गेला, वेब्स्टर हे आडनाव होऊन बसले आणि स्पिन्स्टर या शब्दाला अविवाहित प्रौढ स्त्री असा, काहीसा हिणवणारा, अर्थ चिकटला. आमच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात घरोघरी मागावर साड्या विणल्या जातात, कांड्या भरण्याचे काम बहुतेक बायकाच करतात, पण 'विणकर' म्हटले की पुरुषच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे वेब्स्टर हा शब्द एके काळी स्त्रीचा होता हे तिथल्या मुलींना सांगताना मला विशेष बरे वाटत असे.

त्यानंतर फ्रेंचमधून '-एस' हा प्रत्यय आला. पोएटेस, ऑथोरेस असे शब्द त्यावरून झाले. ते आता इंग्रजीत कोणी गंभीरपणे वापरत नाही, कारण त्या प्रत्ययात 'बाई असून लिहिते' असा कमी लेखण्याचा सूर लागतो, अशी तिथल्या लेखिकांचीच तक्रार होती. स्टुअर्डेस जाऊन फ्लाइट अटेंडंट आला, हेडमास्तर आणि हेडमिस्ट्रेस जाऊन हेड टीचर आला, चेअरमनचा चेअरपर्सन झाला. ॲक्ट्रेस हा शब्द अजून टिकून आहे, ऑस्करची पारितोषिके अभिनेता आणि अभिनेत्री यांना वेगवेगळी दिली जातात, पण बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाने २०२१ पासून अभिनयाची पारितोषिके स्त्री-पुरुष असा भेद न करता देण्यास सुरुवात केली. सप्टेंबर २०२१ मध्ये एमसीसीने क्रिकेटच्या नियमांत बॅट्समनऐवजी बॅटर हा शब्द घातला. तो निर्णय झाला तेव्हा माझ्या मनात आले की, मराठीला हे करावेच लागणार नाही. आपला फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक हे शब्द सांगलीच्या स्मृती मानधनालाही जसेच्या तसे चालतात. 'फलंदाज बाद झाली' एवढे म्हटले की पुरे.

इथेच मराठीचे बळ आहे आणि आपल्या दैनिकाच्या बातम्यांत ते पुरेसे वापरले जात नाही, असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते. इंग्रजीत क्रियापद स्त्री-पुरुष ओळखत नाही, म्हणून तिथे नामालाच प्रत्यय लावावा लागला किंवा सर्वनामावर भिस्त ठेवावी लागली. मराठीत क्रियापद ते काम करते. 'महापौर म्हणाल्या', 'जिल्हाधिकाऱ्यांनी सांगितले, त्या पुढे म्हणाल्या', 'न्यायाधीश आल्या' यांत कुठेही अडत नाही. असे असताना 'महिला महापौर', 'महिला जिल्हाधिकारी', 'लेडी डॉक्टर' असे लिहिण्याचे कारण उरत नाही. दवाखान्याच्या पाटीवर लेडी डॉक्टर लिहिण्यामागे स्त्री रुग्णांची सोय असते, ते मी समजू शकते, पण बातमीत ती सोय कोणाची?

सीमाभागातील मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती बाहेरच्या मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते. ही मुले एकाच दिवसात तीन भाषा शिकतात आणि तिन्ही भाषा लिंगाचा हिशेब वेगवेगळा ठेवतात. कन्नडमध्ये अध्यक्षा ही अध्यक्षे होते, सदस्या ही सदस्ये आणि शिक्षिका ही शिक्षकी. 'शिक्षकी' हे रूप मी मराठी उत्तरपत्रिकांत कितीतरी वेळा वाचले आहे. कन्नडमध्ये एखाद्याविषयी आदराने बोलायचे तर 'हेळिदरु' म्हणतात, त्यातून बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे कळत नाही, तर मराठीत आदर राखूनही 'म्हणाले' आणि 'म्हणाल्या' हा भेद राहतो. त्यातच आमच्याकडच्या खेड्यांत बायकासुद्धा 'मी येतो', 'मी जातो' असे सर्रास म्हणतात, ती आमच्या बोलीची रीत आहे आणि तिला मी चूक म्हणणार नाही. शाळेत मुले पुरुष शिक्षकाला 'सर' आणि स्त्री शिक्षिकेला 'टीचर' म्हणतात, म्हणजे इंग्रजीतला उभयलिंगी टीचर आमच्याकडे येऊन स्त्रीलिंगी झाला आहे. अशा मुलांपुढे इंग्रजीचा तक्ता कारणांशिवाय ठेवला तर त्यांनी तो घोकण्यापलीकडे दुसरे काय करावे?

'राष्ट्रपती' या शब्दाविषयीही थोडे लिहिते. २००७ साली प्रतिभाताई पाटील त्या पदावर आल्या तेव्हा त्यांना काय म्हणावे यावर खूप चर्चा झाली होती, आणि द्रौपदी मुर्मू यांच्या निवडीनंतर २०२२ साली 'राष्ट्रपत्नी' या शब्दावरून संसदेत गदारोळही झाला. पती या शब्दाचा इथला अर्थ स्वामी, पालक असा आहे. सभापती, कुलपती, सेनापती यांत तोच आहे. संस्कृतमध्ये पत्नी हा शब्द पतीवरूनच झाला असला तरी पाणिनीने तो यज्ञातील सहभागाशी जोडून सिद्ध केला आहे, म्हणजे तो विवाहसंबंधाचा, पुंयोगाचा शब्द आहे. राष्ट्रपतिपदाला तो लागू पडूच शकत नाही. पद स्वतःचे असेल तर राष्ट्रपती हेच स्त्रीचेही नाव.

आणि हा प्रश्न केवळ परीक्षेतल्या एका गुणाचा नाही, हे आमच्या गावांत रोज दिसते. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. एका गावी मी एका कार्यक्रमाला गेले होते. व्यासपीठावर 'अध्यक्ष' म्हणून ज्यांचा सत्कार झाला ते गृहस्थ पंचायतीचे सदस्यही नव्हते. निवडून आलेल्या अध्यक्षा खाली बायकांत बसल्या होत्या आणि त्यांना सगळे 'अध्यक्षीणबाई' म्हणत होते, जणू पद नवऱ्याचे आहे आणि त्यांना ते नात्याने लागले आहे. इंग्रजांनी राणीच्या पतीला राजा म्हणण्याचे शतकानुशतके टाळले, कारण पद कोणाचे आहे याविषयी संशय राहू नये. आमच्या गावांत मात्र तो संशय लोकांच्या तोंडी रुळला आहे. त्या बाई घरी जाताना मला म्हणाल्या, "सही तेवढी माझी घेतात." मला काही बोलता आले नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. विद्यार्थी पानावरील तो तक्ता दुरुस्त करून पुन्हा छापावा. त्यात उजवीकडे एकाऐवजी दोन रकाने करावेत, पहिला 'स्वतः' आणि दुसरा 'पुंयोगाने'. क्वीन हा शब्द दोन्ही रकान्यांत येईल आणि त्याखाली व्हिक्टोरिया व कॅमिला अशी एकेक नावे देता येतील. डचेस, काउंटेस, बॅरोनेसही दोन्हींकडे येतील. नाइट या पदवीचे 'स्वतः' रूप डेम आहे आणि 'पुंयोगाने' रूप लेडी, हा फरक तर दोन रकाने केल्याशिवाय दाखवताच येत नाही. विडो आणि विडोअर, ब्राइड आणि ब्राइडग्रूम या जोड्यांत पुरुषाचा शब्द स्त्रीच्या शब्दावरून झाला आहे, तेवढी टीप द्यावी. पोएटेस, ऑथोरेस यांच्यापुढे 'आता वापरात नाही' असे छापावे.

असा तक्ता मी हाताने लिहून या पत्रासोबत पाठवत आहे. त्यात 'गव्हर्नर'पुढच्या 'स्वतः' या रकान्यात 'गव्हर्नर' लिहिले आहे, दुसरा रकाना रिकामा ठेवला आहे, आणि गव्हर्नेस हा शब्द तक्त्यातून काढून व्यवसायांच्या यादीत घातला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
शहापूर, बेळगाव